मताचे मोल

२०२४ सालच्या दिवाळीतील गोष्ट. पाडव्याच्या सकाळी देवासच्या आमच्या घरी फराळाला दहा-बारा मंडळी जमली होती. हा रिवाज वडिलांच्या वेळेपासूनचा. चकली, करंजी, अनारशांच्या ताटात रतलामी शेव येऊन बसली, त्यालाही आता दोन पिढ्या झाल्या. बोलणे मराठीत सुरू होते, मध्येच हिंदीत शिरते आणि पुन्हा मराठीत परत येते. कोणाच्या ते लक्षातही येत नाही. त्या दिवशी विषय होता महाराष्ट्राच्या विधानसभेचा. तिकडे २० नोव्हेंबरला मतदान व्हायचे होते. कोण येणार, कोण पडणार, कोणी कोणाचा विश्वासघात केला, यावर तासभर वाद झाला. धारहून आलेले आमचे थोरले मेहुणे इतके तापले की त्यांचा चहा तसाच निवून गेला. ओघात पुण्याची वाहतूक, मुंबईच्या लोकल, मतदानाची यंत्रे, मोबाइलने बिघडलेली मुले, बिघडलेले ऋतू आणि सरकारी दवाखाने या सर्वांचे खटले चालले आणि निकालही लागले.

माझी भाची तेव्हा नववीत होती. कोपऱ्यात बसून ती सुट्टीचा गृहपाठ करीत होती. वाद जरा थांबला तेव्हा तिने मान वर करून विचारले, "मामा, आपल्या वॉर्डाचे पार्षद कोण?"

खोलीत एकदम शांतता पसरली. मग दोघांनी दोन नावे सांगितली. दोन्ही चुकीची होती, हे दुपारी कळले. मला तर एकही नाव आठवले नाही. मी एम. ए. झालेला, हायस्कुलाचा मुख्याध्यापक, तीस वर्षे मुलांना नागरिकांची कर्तव्ये शिकवलेला माणूस. २०२२ च्या जुलै महिन्यात रांगेत उभे राहून मी या वॉर्डासाठी मत दिले होते. कोणाला दिले ते आठवत होते. निवडून कोण आले याची चौकशी केली नव्हती.

भाचीने वहीत ती जागा रिकामी सोडली आणि पुढचा प्रश्न घेतला. ती रिकामी जागा काही माझ्या मनातून गेली नाही. तिच्यावरूनच हा लेख लिहायला बसलो आहे.

आपल्या भाषेत 'मत' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. मनात जो विचार ठरतो तेही मत आणि मतदान केंद्रात आपण जे टाकतो तेही मत. 'मी मत दिले' असे म्हटले तर कोणते, ते मागचेपुढचे वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. जो विचार मी चारचौघांत बोलतो, त्याची जबाबदारी मी मोजणीच्या दिवसापर्यंत घेतो, असा काहीसा करार त्या एका शब्दात आहे.

आम्ही माळव्यातल्या मराठी माणसांनी मात्र या एका शब्दाची दोन घरे केली आहेत. जिथे आमचे मत पेटीत पडत नाही, त्या महाराष्ट्राविषयी आम्हांला ठाम मते आहेत. जिथे ते पेटीत पडते, त्या धार-देवासविषयी आम्हांला मतच नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते: "आपल्याला काय करायचे आहे? आपण इथे पाहुणे." आपले पूर्वज पवारांच्या घोड्यांबरोबर अठराव्या शतकात इकडे आले. १९४८ साली धार आणि देवासची संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, १९५६ साली मध्यप्रदेश झाला. एवढ्या काळात नदीही पात्र बदलते. आपण मात्र अजून पाहुणेच! पाहुण्याला एक सोय असते. त्याने जेवणाला नावे ठेवली तरी चालते, भांडी घासावी लागत नाहीत.

आणि यात एक हिंदी गंमतही दडलेली आहे. हिंदीत 'मत' म्हणजे 'नको'. 'मत बोलो', 'मत जाओ'. घरात मराठी 'मत' आणि उंबऱ्याबाहेर हिंदी 'मत', अशी आमची विभागणी झाली आहे. घरात सगळे बोलायचे, बाहेर काहीच नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सार्वजनिक गोष्टींविषयी मत बाळगणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, यात वाद नाही. घटनेने तो दिला आहे. पण तो केवळ हक्कच आहे काय? उसने पैसे घ्यावेत आणि परत करण्याचे नाव काढू नये, तसे मत उधारीवर वापरता येते काय?

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतला 'शब्द' म्हणजे आप्ताचा, विश्वासू माणसाचा शब्द. आपल्या रोजच्या मतांपैकी नव्वद टक्के मते या चौथ्या साधनावर उभी असतात, आणि त्यात गैर काही नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे तरी मी कुठे डोळ्यांनी पाहिले आहे? पण तिथे अट आहे ती आप्ताची. सांगणारा जाणता हवा आणि प्रामाणिक हवा. आज सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर जे वीस निरोप येतात, त्यांत शब्द आहे, आप्त नाही. ते कोणी लिहिले, कोणाला विचारून लिहिले, काही पत्ता नसतो. दुपारपर्यंत तेच आपले मत झालेले असते आणि संध्याकाळी त्यावरून आपण सख्ख्या भावाशी भांडतो.

त्याच दर्शनाने वादाचेही तीन प्रकार केले आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढण्यासाठी केलेली ती वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याची खरी व्याख्या विसरलो आहोत. वितंडा करणाऱ्याजवळ गमावण्यासारखे काहीच नसते. त्याने काही मांडलेलेच नसते, मग तो हरणार कसा? आमचा फराळाचा वाद वाद नव्हता हे उघड आहे. तो जल्प होता की वितंडा, एवढेच ठरवायचे राहिले आहे.

परंतु इतरांना नावे ठेवून हा लेख संपवला तर तोही फराळाचाच लेख होईल. म्हणून माझ्या दोन गोष्टी सांगतो. दोन्ही पाण्याच्या आहेत.

पावलोपावली पाणी अशी एके काळी माळव्याची ख्याती होती. धारला जुनी माणसे साडेबारा तलावांचे गाव म्हणत. त्यांतले मुंज सागर आणि देवी सागर आजही नावानिशी ओळखीचे आहेत. देवासचे तसे राहिले नाही. १९७० नंतर कारखाने आले, १९७४ साली नोटांचा छापखाना सुरू झाला, वस्ती वाढली. जुने तलाव बुजले, विहिरींकडे दुर्लक्ष झाले आणि सगळा भार जमिनीच्या पोटावर आला. माळव्याखालचा खडक काळा बेसाल्ट. त्यात पाणी राहते ते भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या थरात. ते भरायला पावसाळे लागतात, उपसायला एक मोटर पुरते. १९९० च्या एप्रिलमध्ये देवासला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. गाडी स्टेशनात आली तेव्हा ढोल वाजवून तिचे स्वागत झाले. मी तेव्हा कॉलेजात होतो. वडील आणि मी हंडे घेऊन रांगेत उभे राहायचो. त्या रांगेत मला जे मत सुचले ते मी पुढे दहा वर्षे सर्वांना ऐकवीत होतो: "बोअरवेल खोदण्यावर सरकारने सरसकट बंदी घातली पाहिजे." वर्गात सांगितले, सभेत सांगितले, एका स्मरणिकेत लिहिलेसुद्धा.

२००१ च्या उन्हाळ्यात मी आमच्या अंगणात बोअर मारली. साडेतीनशे फूट.

कारणे सगळी खरी होती. आईला संधिवात, मुलगा लहान, नळ चार दिवसांआड. गल्लीत तोवर सात घरी बोअर झाल्या होत्या. माझ्या एकट्याच्या न मारण्याने काय होणार होते? यंत्र आले, रात्रभर धडधडले, पहाटे पाणी लागले. पेढे वाटले. पहिला पेढा शेजारच्या आक्कांना दिला. आक्का एकट्या राहत. त्यांच्या परसात चाळीस-पंचेचाळीस फुटांची जुनी बांधीव विहीर होती, आणि १९९० सालीही ती पूर्ण आटली नव्हती. आम्ही त्या वर्षी त्या विहिरीवरून पिण्याचे पाणी आणले होते.

२००२ च्या मे महिन्यात एका सकाळी आक्का बादली घेऊन आमच्या फाटकाशी आल्या. "अरे, तुझ्या मोटरीला पाणी आहे का रे?" एवढेच म्हणाल्या. त्यांची विहीर आटली होती. मी बादली भरून नेऊन दिली. पुढे रोज देत राहिलो, आणि आपण किती शेजारधर्म पाळतो असे काही दिवस मला वाटतही राहिले. आक्कांनी कधी बोट दाखवले नाही. २००४ साली त्या वारल्या.

त्यांची विहीर माझ्याच बोअरने आटली, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. गल्लीत आठ बोअर होत्या, पावसाळाही कमी झाला होता. मी स्वतःला हेच सांगत असे. पुढे एम. ए.च्या जुन्या टिपणांत विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा १८७७ सालचा निबंध पुन्हा हाती लागला. त्यात एका जहाजमालकाचे उदाहरण आहे. जहाज जुने झालेले असते, मालकाच्या मनात शंका असते. पण दुरुस्तीला पैसे लागतील म्हणून तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. हळूहळू त्याला ते मनापासून पटते. जहाज उतारूंसह बुडते, मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता म्हणून तो सुटत नाही, कारण तसा विश्वास धरण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरी तो तितकाच दोषी ठरला असता. केवळ दोष उघडकीस आला नसता.

टिपणे मिटवून मी बराच वेळ बसलो. माझे दोष देणे सरकारसाठी होते, बोअर माझ्यासाठी होती. जे मत मी अकरा वर्षे सांगत होतो ते मला एका उन्हाळ्याइतकेही महाग पडू द्यायचे नव्हते. ते महाग पडले आक्कांना.

आता दुसरी गोष्ट, आणि ती ताजी आहे. तिच्यासाठी देवासहून धार जिल्ह्यात जावे लागेल. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे तिथे गेली, त्यामुळे तिथे माझे विद्यार्थी पुष्कळ आहेत.

१९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा मी शाळेत होतो. त्या कारखान्याच्या आवारातला विषारी कचरा चाळीस वर्षे तिथेच पडून होता. त्याने तिथल्या जमिनीचे आणि भूजलाचे काय केले, ते भोपाळच्या त्या वस्त्यांना ठाऊक आहे. ३ डिसेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने सरकारला खडसावले आणि कचरा चार आठवड्यांत हलवण्यास सांगितले. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांतून सुमारे ३३७ टन कचरा निघाला. सीहोर, देवास, इंदूर हे जिल्हे ओलांडून तो दुसऱ्या दिवशी पहाटे धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला पोहोचला. आम्ही देवासकर तेव्हा झोपेत होतो. ३ जानेवारीला पीथमपूर बंद झाले, लोक रस्त्यावर आले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला.

त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मी माझे मत मांडले. अगदी मुद्देसूद मांडले. कचरा कुठेतरी जाळायलाच हवा. चाळीस वर्षे उघडा ठेवणे हे जास्त घातक. २०१५ साली याच ठिकाणी दहा टनांची चाचणी झाली आहे. भट्टीचे तापमान, धुराची गाळणी, राख पुरण्याची व्यवस्था, हे सगळे शास्त्र आहे. लोक अफवांना बळी पडतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. कौतुकाने उत्साह येऊन तेच मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोनवर सांगितले. तो आता पीथमपूरजवळ एका कारखान्यात पाळीने काम करतो, घर कारखान्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या गावात. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "सर, आपका मत देवास का है। धुआँ तो यहीं का रहेगा।"

रागाने म्हणाला नाही. वर्गात चुकलेले गणित दाखवावे तसे म्हणाला.

फेब्रुवारीत एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो. कंटेनर तेव्हा तसेच उभे होते, भट्टी पेटायची होती. ओटल्यावर खाट टाकली होती. कारखाने आले तेव्हापासून पाण्याची चव बदलली, ही त्यांची जुनी तक्रार, कंटेनरांच्या आधीची. त्याची आई पितळी तांब्या आणि पेला घेऊन बाहेर आली. "लो माट साब, पाणी पीवो," म्हणाली. मी पेला हातात घेतला आणि एक क्षण थांबलो. एकच क्षण. पेल्यात पाहिले, मग प्यायलो. पण ते थांबणे त्या माउलीने पाहिले, तिच्या मुलाने पाहिले आणि मीही पाहिले. कोणी काही बोलले नाही.

माझे खरे मत काय आहे ते मला त्या क्षणी कळले. जिभेवरचे मत वेगळे होते, हातातले वेगळे.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी तीस टनांच्या चाचण्या झाल्या आणि जून २०२५ अखेरीस उरलेला कचराही जाळून संपवल्याचे सरकारने सांगितले. धूर ठरलेल्या मर्यादेत होता, असे अहवाल आले. चुना वगैरे मिसळून जाळल्यामुळे मागे राहिलेला राखेचा ढीग मूळ कचऱ्यापेक्षा वजनाने कितीतरी जास्त भरला, आठशे टनांच्या वर. आणि तो कुठे नि कसा पुरायचा हा नवा प्रश्न उभा राहिला. आजही मला विचाराल तर मी हेच म्हणेन की तो कचरा भोपाळमध्ये उघडा ठेवणे अन्यायाचे होते. माझे मत बदललेले नाही. ते ज्या आवाजात मी सांगत होतो तो आवाज मात्र आता निघत नाही. 'लोक अफवांना बळी पडतात' हे वाक्य मी माझ्या भाषेतून काढून टाकले आहे. ज्याच्या अंगणात संकट उभे आहे त्याची भीती ही अडाणीपणाची खूण नसते. चाळीस वर्षांपूर्वी एका रात्री शास्त्र, परवाने, पाहणी हे सगळे असतानाच काय झाले, ते या राज्यातल्या माणसाने विसरावे तरी कसे?

इथे कोणी पूर्वपक्ष करील, आणि तो करायलाच हवा. तो म्हणेल: "गुरुजी, तुमच्या हिशेबाने ज्याचे नुकसान होते त्यानेच बोलावे. मग देवासकराने पीथमपूरवर बोलू नये, शहराने खेड्यावर बोलू नये, धडधाकट माणसाने दवाखान्यावर बोलू नये. म्हणजे दुबळ्यांचे दुखणे दुबळ्यांपुरतेच राहील. तुमचा मराठी 'मत' शेवटी हिंदी 'मत'च झाला की!"

हा आक्षेप खरा आहे. देवासकराला तर तो विशेष लागू पडतो. आमच्या गावाने हा प्रयोग करून पाहिला आहे. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात होती. दरबार वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, आणि हद्द गावाच्या रस्त्यातून जाई. थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली चिटणीस म्हणून राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टरसारख्या इंग्रज लेखकालाही या व्यवस्थेचे नवल वाटले होते. समोरच्या ओळीतल्या घरात काय चालले आहे ते आपले काम नाही, कारण ते दुसरे राज्य! तसे पुन्हा व्हावे असे कोण म्हणेल?

माझे उत्तर एवढेच आहे की मत देऊ नका असे नाही; मत घेऊन चालत जा. ज्या गोष्टीवर बोलायचे तिच्या जवळ जाता येईल तेवढे जावे. पीथमपूरला जाण्याआधी माझ्या मताचे वजन फोनच्या बिलाएवढे होते. तिथे जाऊन आल्यावर ते फार बदलले नाही, पण त्यात त्या माउलीचा पेला आला. आणि जिथे जाता येत नाही तिथे निदान आवाज खाली ठेवावा. महाराष्ट्राच्या विधानसभेवर जरूर बोलावे, मातृभाषेचा प्रांत आहे, जीव तुटणारच. पण तिथल्या दुष्काळाचा टँकर आपल्या दारात येणार नाही, हे स्मरून बोलावे.

चालत गेलेल्या मताने काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. २००६ साली देवासचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना शेततळ्यांचा आग्रह केला. त्यांनी मोठ्या शेतकऱ्यांना गाठले आणि हिशेब मांडला: बोअरवर बोअर मारून कर्ज वाढते, पाणी नाही, जमिनीचा थोडा भाग तळ्याला दिला तर उरलेल्या जमिनीत गहू-हरभरा हमखास येतो. काळी माती पाणी धरून ठेवते, हे आजोबांना माहीत होते, नातू विसरला होता. टोंकखुर्दकडच्या गावांतून तळी खोदली जाऊ लागली. त्यांना 'रेवा सागर' म्हटले गेले. पाहता पाहता जिल्ह्यात हजारो तळी झाली. 'पाणी वाचवले पाहिजे' हे मत त्याआधीही प्रत्येकाला होते, मलाही होते. त्या शेतकऱ्यांनी आपल्या मतापायी स्वतःची पिकाऊ जमीन खणली. मताची किंमत भरणे ती हीच.

पेटीतल्या मतालाही किंमत असते. २०२४ मध्ये शेजारच्या इंदूर मतदारसंघात एका मोठ्या पक्षाचा उमेदवार ऐनवेळी मागे हटला आणि २,१८,६७४ लोकांनी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबले. ते योग्य की अयोग्य, यात मी शिरत नाही; तो ज्याचा त्याचा प्रश्न. मला दिसते ती एकच गोष्ट: निकाल काय लागणार ते ठाऊक असताना ही माणसे मे महिन्याच्या उन्हात घरातून निघाली. आमच्या फराळाच्या खोलीतून त्या दिवशी कोणी बाहेरच्या नळापर्यंतही गेले नव्हते.

माझ्या हातात शाळा आहे, म्हणून मी शाळेत एक प्रघात पाडला. शनिवारी बालसभा असते. पूर्वी मुले तिथे प्रदूषण, मोबाइलचे तोटे, स्वच्छता यांवर पाठ केलेली भाषणे म्हणत आणि टाळ्या घेत. आता मत मांडणाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हे तुला कशावरून कळले? हे चुकले तर भोगणार कोण? आणि यापायी उद्या सकाळी तू काय करणार? भाषणे निम्म्याने कमी झाली. जी उरली ती ऐकण्याजोगी आहेत. आठवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मेरा कोई मत नहीं है। पीछे वाले नल की टोंटी टूटी है, पानी बहता है। मैंने देखा है। हम सबका बहता है। कल मैं प्लंबर अंकल को बुला लाऊँगी, पैसे आप देना।" सभेत हशा पिकला. पैसे मी दिले. प्रमाणशास्त्रावर इतके नेमके भाषण मी विद्यापीठातही ऐकले नव्हते.

अर्थात मुलांनी तिसरा प्रश्न उलटून मलाही विचारला. तेव्हा आक्कांची गोष्ट मी पहिल्यांदा चारचौघांत सांगितली. आमच्या घराच्या गच्चीचे पाणी २००७ सालापासून जमिनीत मुरवतो आहे. त्यासाठी खड्डा खणला तो बोअरच्या शेजारी नव्हे. आक्कांच्या घरात आता राहतात त्यांची परवानगी घेऊन पाइप त्यांच्या जुन्या विहिरीत सोडला. गेल्या काही वर्षांत मार्गशीर्षापर्यंत तिच्यात पाणी दिसते. ते त्या पाइपाचे की चांगल्या पावसाचे, हे मी सिद्ध करू शकत नाही. विहीर आटली तेव्हा हा संशयाचा फायदा मी स्वतःला घेतला होता. आता तो पावसाला देतो.

पार्षदांचे नाव भाचीने दुसऱ्या दिवशी स्वतः शोधून काढले आणि त्या रिकाम्या जागी लिहिले. नाव मला सांगितले आणि म्हणाली, "मामा, ते आपल्या मागच्याच गल्लीत राहतात." मी वाहत्या गटाराचा अर्ज लिहून त्यांच्याकडे घेऊन गेलो. हिंदीत लिहिला होता. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारले, "आप यहीं के हैं?"

क्षणभर जुने उत्तर ओठांवर आले. मग म्हणालो, "हाँ, यहीं का हूँ।"

गटार दीड महिन्याने दुरुस्त झाले. येत्या पाडव्याला मंडळी पुन्हा येतील, महाराष्ट्रावर बोलतील, मीही बोलेन. फक्त फराळाआधी सगळ्यांना मागच्या गल्लीतून एक फेरी मारून आणायचे ठरवले आहे.